नदी, गाव, घराणं: एकाच नावाच्या जर्मनीचा नकाशा, प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

बेस लेयर एकदाची बसली. जर्मनीचा भिंतीवरचा नकाशा, सगळी लेबलं देवनागरीत, इथल्या मराठी पोरांच्या रविवारच्या वर्गासाठी. नकाशाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, मुक्ता फॉन्ट, डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा. त्यात मराठी नावांचा रकाना बहुतेक रिकामाच, म्हणून नावं मी लिहितोय आणि पुण्यातली ताई तपासतेय (मावसबहीण, जर्मन शिकवते, एकेका मात्रेवरून भांडते).

पहिला घोळ फुल्डाचा. दोनदा आलेली लेबलं काढून टाक असं सॉफ्टवेअरला सांगितलं तर त्याने फुल्डा नदी उडवली आणि फुल्डा शहर ठेवलं. खरं तर नदी आधीची. इ.स. ७४४ मध्ये बोनिफास नावाच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या सांगण्यावरून त्याच्या शिष्याने, स्टुर्मियुसने, तिच्या काठी मठ काढला, मठाला नदीचं नाव, मठाभोवती वाढलेल्या शहरालाही तेच. आणि मग माणसं. लुडविग फुल्डा नावाचा नाटककार होता, १८६२ चा जन्म, फ्रँकफुर्टचा, फ्रेंच नाटककार मोलिएरची नाटकं जर्मनमध्ये आणणारा. म्हणजे एकच शब्द नदी, गाव आणि आडनाव अशा तीन जागी बसलाय.

ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग नुसती लेबलं कशाला लावतोस, कोणी कोणाकडून नाव घेतलं तेही दाखव ना. म्हणून शीटमध्ये चार रकाने केलेत: नदी, गाव, घराणं आणि बाण. फुल्डाचा बाण न→ग→घ. सगळं इतकं सरळ असतं तर काय हवं होतं!

११ जानेवारी

कास्सेलहून सकाळच्या गाडीने हान मुंडेनला जाऊन आलो, तिथे फुल्डा आणि वेरा एकत्र येतात आणि पुढे दोघींचं मिळून वेझर होतं. लेबल नेमकं कुठे बदलायचं ते डोळ्यांनी बघायचं होतं. बेटाच्या टोकाला एक मोठा धोंडा उभा केलाय, वेझरस्टाइन म्हणतात त्याला, त्यावर चार ओळींची कविता कोरलीय आणि खाली तारीख ३१ जुलै १८९९. कवितेचा मतलब असा की वेरा आणि फुल्डा इथे एकमेकींचं चुंबन घेतात आणि त्यापायी दोघींना आपलं नाव गमवावं लागतं, आणि त्या चुंबनातून समुद्रापर्यंत जर्मनच राहणारी वेझर जन्मते. "समुद्रापर्यंत जर्मन" हा टोमणा बहुतेक ऱ्हाइनला असावा, ती शेवटी हॉलंडमध्ये जाते म्हणून. १८९९ ची हवाच तशी होती.

पण कविता अर्धीच खरी. नाव जातं ते एकट्या फुल्डाचं. वेरा आणि वेझर ही मुळात एकाच नदीची नावं, जुन्या कागदांत दोन्हीचं रूप विझेरा वगैरे एकच आहे, वरच्या भागातल्या बोलीत त्याचं घासून वेरा झालं आणि खाली वेझर राहिलं. वेरा जवळपास ३०० किमी, फुल्डा २२० च्या आसपास, म्हणजे लांबीच्या हिशोबानेही वेराच मुख्य धार. नकाशावर वेरा आणि वेझर एकाच निळ्यात ठेवल्या, फुल्डा जरा फिक्या. ताईला पटलं नाही, म्हणे फुल्डावर अन्याय होतोय. असू दे.

गावाच्या नावातलं 'हान' म्हणजे हानोफरचं. कारण ह्याच वेझरवर खाली मिंडेन आहे, ते प्रशिया ह्या दुसऱ्या राज्याचं होतं, आणि मुंडेन-मिंडेन मध्ये लोकांचा गोंधळ व्हायचा. नकाशा करणाऱ्याला ह्याचं दुःख कळतं.

१९ जानेवारी

एक स्क्रिप्ट लिहिली: नदीच्या पाच किमीच्या आत त्याच नावाचं गाव असेल तर जोडी धर, नसेल तर 'फसवे' मध्ये टाक. ही फसव्यांची यादीच जास्त मजेशीर निघाली.

गेरा. गेरा शहर थुरिंगियात, गेरा नदीही थुरिंगियात, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. पण गेरा शहरातून वाहते पांढरी एल्स्टर, आणि गेरा नदी जाते आर्नश्टाट आणि एरफुर्टमधून. एरफुर्टला तो घरं असलेला पूल आहे ना, क्रेमरब्र्युक, तो गेरावर. म्हणजे गेराचा पूल बघायला गेराला गेलात तर एल्स्टर बघून परत याल. आणि गेरा शहरावर राज्य कोणाचं, तर रॉइस घराण्याचं. रॉइस नावाची नदी आहे, पण ती स्वित्झर्लंडमध्ये, आणि तिचा ह्यांच्याशी काही संबंध नाही! ह्या घराण्याचा खाक्या असा की सगळ्या मुलग्यांचं नाव हाइनरिश. सगळ्यांचं. राज्यावर बसो न बसो, जन्मला की नंबर. थोरल्या शाखेत शंभरपर्यंत मोजून परत एकपासून सुरुवात, धाकट्या शाखेत शतक बदललं की नवीन मोजणी. १८४८ मध्ये गादी सोडणारा एक होता, हाइनरिश बहात्तरावा. माझ्या शीटमधला घराण्याचा रकाना त्याने मोडला असता, पण मी फक्त घराण्याचं नाव घेतोय, माणसांचं नाही. वाचलो.

इल्मेनाउ. हे गाव पण थुरिंगियातलं, कवी गोएथेचं लाडकं, इथली खाण १७८४ मध्ये त्याच्याच देखरेखीखाली परत सुरू झाली. गाव इल्म नदीवर, तीच पुढे वायमारला जाते. पण इल्मेनाउ नावाची वेगळी नदी आहे, ती कुठल्या कुठे उत्तरेला, ल्यूनेबुर्गमधून वाहत एल्बला मिळते. आणि बायर्नमध्ये अजून एक इल्म आहे, फाफेनहोफेनची, आबेन्स नदीतून डॅन्यूबला जाणारी.

बाद एम्स. शाळेत इतिहास होता त्यांना एम्सची तार आठवत असेल, १८७० ची, प्रशियाचा राजा तिथे हवापालटाला गेलेला, त्याच्या आणि फ्रेंच राजदूताच्या बोलण्याची तार बिस्मार्कने अशी कापून छापली की फ्रान्सने युद्ध पुकारलं. ते एम्स लान नदीवर आहे. एम्स नावाची मोठी नदी, ३७० किमीची, वेस्टफालियातून निघून एम्डेनपाशी उत्तर समुद्राला जाते, तिचा आणि बाद एम्सचा काडीचा संबंध नाही. आणि त्या एम्स नदीवर एक गाव आहे ऱ्हाइनं, जे ऱ्हाइनवर नाही. एवढं झाल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला.

२८ जानेवारी

आजपासून घराणी. आधी सरळ केस: वीड. वीड ही ऱ्हाइनला मिळणारी शंभरेक किमीची नदी, तिच्यावरून काउंटांचं घराणं वीड, आणि त्यांनी १६५३ मध्ये ऱ्हाइनकाठी वसवलेलं गाव नॉयवीड. बाण न→घ→ग, गाव शेवटी. छोटंसं घराणं पण हातपाय लांब. एक मुलगी एलिझाबेथ रुमानियाची राणी झाली आणि कार्मेन सिल्वा नावाने कविता लिहायची. एक राजपुत्र माक्सिमिलियान १८३२ ते १८३४ अमेरिकेत मिसुरी नदीवर फिरला, बरोबर चित्रकार कार्ल बोडमर, तिथल्या मूळ लोकांची ती चित्रं आजही वापरली जातात. आणि विल्हेल्म नावाच्या एकाला १९१४ मध्ये अल्बानियाचा राजा करून पाठवलं, मार्चमध्ये गेला सप्टेंबरमध्ये परत. एवढ्याशा नदीचं नाव अल्बानियाच्या गादीपर्यंत जाऊन आलं.

मग लिप्पे, आणि इथे मी अडकलो म्हणजे चांगलाच अडकलो. लिप्पे नदी बाद लिपश्प्रिंगं मध्ये उगम पावते, पाडरबोर्नच्या बाजूने लिपश्टाट, हाम करत वेझेलला ऱ्हाइनला मिळते, २२० किमी. तिच्या काठी झुर लिप्पे घराणं, त्यातल्या बर्नहार्ड दुसऱ्याने ११८५ च्या सुमारास लिपश्टाट वसवलं. इथपर्यंत न→घ→ग, वीडसारखंच. पण पुढे ह्या घराण्याचा मुलूख सरकत सरकत डेटमोल्डच्या बाजूला गेला, नदीपासून लांब. ज्या लिपश्टाटपासून सुरुवात केली त्यात १८५० पर्यंत प्रशियाबरोबर अर्धी भागीदारी, मग तीही प्रशियाला विकून मोकळे. राहिलं काय, तर लिप्पे नावाचं संस्थान ज्यातून लिप्पे नदी वाहत नाही. आजचा लिप्पे जिल्हा पण तोच, मुख्य ठिकाण डेटमोल्ड, नदी बाहेरूनच जाते.

माझी स्क्रिप्ट लिप्पे जिल्ह्याला 'फसवे' मध्ये टाकत होती. पण गेरासारखा तो फसवा नाही. इथे साखळी अखंड आहे, नदीचं नाव माणसांनी घेतलं आणि माणसं ते घेऊन दुसरीकडे राहायला गेली. अंतर मोजून हे कधीच कळणार नाही. म्हणून पाच किमीची अट काढून टाकली, आता प्रत्येक जोडीचा बाण हाताने. वेळ लागेल, लागू दे.

लिप्पेचं शेवटचं: १९४७ मध्ये ते नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात सामील झालं, आणि त्या राज्याच्या चिन्हात तीन गोष्टी आहेत, ऱ्हाइनलँडसाठी वाहती नदी, वेस्टफालियासाठी घोडा आणि लिप्पेसाठी गुलाब. ज्यांचं नावच नदीचं त्यांच्या वाट्याला फूल आणि नदी दुसऱ्याला. कारण गुलाब घराण्याचा.

५ फेब्रुवारी

ताईचा प्रश्न: नुसती सरदार घराणी का, साध्या लोकांची आडनावं का नाहीत? बरोबर आहे. सरदार म्हणजे नावापुढे 'फॉन' आणि गाव. साधा माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की त्याला गावाच्या नावाला 'अर' लावून हाक मारायचे. ओपेनहाइमचा तो ओपेनहाइमर, बांबेर्गचा बांबेर्गर. पोरांना हे समजवायला दोन मिनिटं पण लागणार नाहीत, वर्गात अर्धी पोरं कुठले ना कुठले 'कर' आहेत. गंमत म्हणजे गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव कशाला लागेल, ते लागतं गाव सुटल्यावर.

नदी, गाव, घराणं ह्या तिन्हीचा सगळ्यात मस्त नमुना इथेच मिळाला: ग्युन्त्सबुर्ग. ग्युन्त्स नावाची लहान नदी जिथे डॅन्यूबला मिळते तिथलं गाव, रोमनांच्या काळात गुंटिया. तिथून निघालेल्या ज्यू कुटुंबांनी ग्युन्त्सबुर्ग हे नाव बरोबर नेलं, पोलंड, लिथुआनिया, रशिया, आणि प्रत्येक लिपीत वेगळं होत होत त्याचं झालं गिन्झबुर्ग, गिन्सबर्ग, गिन्झबर्ग. विताली गिन्झबुर्ग, २००३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या रूथ बेडर गिन्सबर्ग, त्यांच्याकडे ते नवऱ्याकडून आलं. डॅन्यूबकाठच्या गावातून वॉशिंग्टनला.

आणि हो, जिऑलॉजीवाल्यांनी कान टवकारले असतील. आल्प्सच्या हिमयुगांची ग्युन्त्स, मिंडेल, रिस, व्युर्म अशी जी चौकडी आपण घोकली ती हीच नदी आणि तिच्या शेजारणी. पेंक आणि ब्र्युकनर ह्या दोघा भूगोलतज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण जर्मनीतल्या नद्यांची नावं हिमयुगांना देऊन टाकली, आणि ती लक्षात राहायला सोपी जावीत म्हणून वर्णानुक्रमाने. मिंडेलवर मिंडेलहाइम, रिसवर बिबराख. व्युर्म निघते श्टार्नबेर्गच्या तळ्यातून, ते तळं १९६२ पर्यंत व्युर्मझेच म्हणायचे. रकाना नसताना 'काळ' म्हणून पाचवा रकाना काढला, त्यात चारच ओळी आहेत पण काढणार नाही.

१५ फेब्रुवारी

लानचा दिवस. ही नदी, २४५ किमी, स्वतः फारशी मिरवत नाही, पण तिच्या काठावरची नावं जगभर गेलीत.

वरून खाली येऊ. बाद लासफं, इथे सायन-विटगेनश्टाइन काउंटांचा कारभार. त्यांच्याकडे मोझेस मायर नावाचा ज्यू कारभारी होता. नेपोलियनच्या काळात ज्यूंना कायमचं आडनाव घेणं भाग पडलं तेव्हा त्याने मालकाचंच नाव घेतलं, विटगेनश्टाइन. त्याचा पणतू म्हणजे तत्त्वज्ञ लुडविग विटगेनश्टाइन. काउंटांशी रक्ताचं नातं शून्य, नाव तेवढं तेच. ह्याचा बाण काय काढायचा, घ→घ? काढला.

खाली मारबुर्गपाशी ओम नदी येऊन मिळते. नाही, विजेच्या ओमशी संबंध नाही, गेओर्ग ओम एरलांगेनचा आणि त्याचं आडनाव मामा अर्थाच्या जुन्या शब्दावरून. पोरं विचारणारच म्हणून लिहून ठेवतोय. मग वेट्सलारच्या पुढे झोल्म्स: त्याच नावाचा ओढा, गाव आणि घराणं, तिघंही हाकेच्या अंतरावर. कॅमेऱ्याच्या नादातल्यांना हे गाव माहीत असेल, लायका कंपनी २०१४ मध्ये वेट्सलारला परत जाईपर्यंत इथे होती.

मग नासाउ. चार-साडेचार हजार वस्तीचं गाव असेल, वर टेकडीवर किल्ला. त्या किल्ल्यावरून घराणं, घराण्याची एक शाखा हॉलंडच्या गादीवर, दुसरी, वायलबुर्गवाली (तेही लानवरच), लक्झेंबर्गला. हॉलंडवाल्यांतला विल्यम तिसरा इंग्लंडचा राजा झाला आणि त्याच्या मानाने बहामामधल्या शहराचं नाव १६९५ मध्ये नासाउ ठेवलं. क्रूझवाल्या लोकांना फक्त ते नासाउ ठाऊक असतं. बाण ग→घ→ग, मध्ये अख्खा अटलांटिक.

त्याच्या खाली बाद एम्स, आणि मुखाशी लानश्टाइन.

लानच्या उगमाच्या आसपास, रोटहार डोंगरात, थोड्याशा किलोमीटरांत तीन नद्या निघतात, लान, झीग आणि एडर. लान-झीग ऱ्हाइनकडे, एडर मात्र पूर्वेला वळून फुल्डाला मिळते, म्हणजे तिचं पाणी माझ्या घराजवळून जातं. त्या एडरवर बाटेनबेर्ग नावाचं छोटं गाव आहे. १८५१ मध्ये हेसेनच्या राजपुत्राने युलिया हाउके नावाच्या, त्या लोकांच्या मते बरोबरीच्या नसलेल्या मुलीशी लग्न केलं. घराण्याचं नाव तिला द्यायचं नव्हतं, मग कोणतं द्यायचं तर ह्या गावाचं. पोरंबाळं झाली बाटेनबेर्ग. त्यातली एक शाखा इंग्लंडला गेली, आणि १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नकोसं झालं तेव्हा त्याचे तुकडे उलटेपालटे करून इंग्रजी नाव बनवलं: माउंटबॅटन. हो, तेच, १९४७ चे व्हाइसरॉय. नकाशावर बाटेनबेर्गला बारीक ठिपका होता, तो जरा मोठा केलाय. पोरांचे आजोबा-आजी बघायला येतील त्यांच्यासाठी.

२५ फेब्रुवारी

दोन उलट्या केसेस, पटकन.

केम्निट्स. नदी, तिच्यावरून शहर, शिवाय मार्टिन केम्निट्स नावाचा सोळाव्या शतकातला धर्मशास्त्री. नाव स्लाव्ह मुळाचं, खडकाळ ओढ्यावरून. १९५३ मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने शहराचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट केलं, मार्क्सचा त्या गावाशी संबंध नसताना. १९९० मध्ये लोकांनी मतदान करून जुनं नाव परत आणलं. मधल्या काळात नदी मात्र केम्निट्सच राहिली, तिचं नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही. शहरात राहणाऱ्यांना सदतीस वर्षं आपलं नाव पुलाखालून वाहताना दिसत असणार.

आणि नेआंडर. इथे बाण माणसापासून सुरू होतो. आजोबांचं आडनाव नॉयमान, त्या काळच्या फॅशनप्रमाणे त्यांनी त्याचं ग्रीक केलं, नेआंडर. नातू योआखिम नेआंडर, १६५० चा जन्म, ड्युसेलडोर्फच्या लॅटिन शाळेचा मुख्याध्यापक, भजनं रचायचा आणि ड्युसेल नदीच्या खोऱ्यात भटकायचा, तिशीतच वारला. खोऱ्याला पुढे त्याचं नाव पडलं, नेआंडरटाल. १८५६ मध्ये चुनखडीच्या खाणीत तिथे हाडं सापडली आणि १८६४ मध्ये त्यांना नाव मिळालं होमो नेआंडरथालेन्सिस. आडनाव, मग खोरं, मग माणसाची एक अख्खी वेगळी जात. नदी ड्युसेल बिचारी, तिच्याच खोऱ्यात सगळं घडलं, तिला मिळालं ड्युसेलडोर्फ. वाईट नाही म्हणा.

५ मार्च

लेबलांचे नियम पक्के केले. एकाच नावाची गावं असतील तर नदी जोडायचीच, जर्मन लोक जोडतात तशी: माइनवरचं फ्रँकफुर्ट, ओडरवरचं फ्रँकफुर्ट. टाउबरच्या वरचं रोथेनबुर्ग (पर्यटकांचं), फुल्डावरचं रोटेनबुर्ग, व्युमंवरचं रोटेनबुर्ग, नेकारवरचं रोटेनबुर्ग. शेवटच्याला जर्मनमध्ये दोन ट आहेत आणि पहिल्यात थ चं स्पेलिंग, पण देवनागरीत उच्चाराने लिहिलं की सगळी एकच, म्हणून नदीशिवाय गत्यंतर नाही. ताई म्हणते रोथेनबुर्गमधला थ काढ, उच्चार टच आहे. नकाशात काढला, नोंदीत राहू दे.

एल्स्टर दोन, पांढरी आणि काळी. पांढरी गेरा करून लाइप्त्सिशला जाते आणि झाले नदीला मिळते (पोरं हसणार, हसू देत, उच्चार तोच आहे), काळी थेट एल्बला. रंग लेबलात लिहिलाय, रेषेला दिला नाही, नाहीतर काळी नदी बघून कोणीतरी विचारेल गटार आहे का.

नॉयश्टाट हे सध्या बाजूला ठेवलंय. इतकी आहेत की त्यांचा वेगळाच नकाशा होईल, आणि बहुतेकांच्या मागे सांगण्यासारखी गोष्ट नाही, नवीन गाव वसवलं आणि नवीन गाव असंच नाव ठेवलं. फक्त द्राक्षांच्या रस्त्यावरचं आणि आइश नदीवरचं अशी दोन घेतली.

फाइल ए-झीरो साइजला एक्सपोर्ट करून बघितली, हेसेनमध्ये लान आणि एडरच्या मधे लेबलांची चेंगराचेंगरी होतेय, फॉन्ट अर्धा पॉइंट कमी करावा लागेल. बाणांसाठी तीन रंग: नदीपासून निघालेले निळे, गावापासून तपकिरी, माणसापासून लाल. लाल फक्त नेआंडर आणि विटगेनश्टाइन असे दोनच झालेत. लिप्पेचा निळा बाण नदीपासून डेटमोल्डपर्यंत लांबच लांब गेलाय आणि मध्ये पाडरबोर्नचं लेबल कापतोय, ते शनिवारी हाताने सरकवतो आणि मग प्रिंटला.